खाली उतरण्याआधी

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मिळाला. परवा साइन ऑन करतेयस आणि शनिवारी जहाज यार्डातून सुटतंय, हे आईनं मला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. सोबतचे नकाशे मी छापून घेतले आणि काल दिवसभर ते टेबलावर पसरून बसलो. त्या दिवशी फोनवर आपल्या दोघांचाही आवाज चढला, तो विषय मी आता काढणार नाही. कोऱ्या करकरीत कंटेनर जहाजावरची जागा सोडून तू मदतीच्या कामासाठी रूपांतर केलेल्या या जुन्या जहाजावर जातेयस, ते ठरलंय. आत्यालाही मी तसंच सांगितलं. तेव्हा हे पत्र जहाजाबद्दल आहे, आणि त्यातल्या ज्या गोष्टी थर्ड इंजिनिअरला पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही, त्यांच्याबद्दल.

जहाज मला ओळखीचं वाटलं. हेच नव्हे, पण याच घडणीची. चार होल्ड, म्हणजे माल भरायची तळघरं, प्रत्येकात मधला डेक, आणि वर स्वतःच्या क्रेन. आमची पिढी अशाच जहाजांवर शिकली. एका फेरीत सिमेंट, पुढच्या फेरीत साखर, त्यानंतर लाकडाचे ओंडके, मधेच कुणाच्या तरी कारखान्याचा अख्खा बॉयलर. मग कंटेनर आले आणि ही जहाजं मागं पडली. वय झालं की दर पाच वर्षांनी येणारा स्पेशल सर्व्हे मालकाला परवडेनासा होतो. सर्व्हेअर पत्र्याची जाडी मोजत फिरतो, जिथं झीज जास्त तिथं खडूनं खुणा करतो. त्या खुणांचा खर्च मालकाच्या टेबलावर गेला की जहाज बहुधा भंगारातच निघतं. तुझं जहाज त्या वाटेवरून मागं फिरवलं गेलं.

मदतीच्या कामाला असलीच जहाजं का लागतात, हे तुला माहीत असणारच, तरी लिहितो. वादळ किंवा युद्ध होऊन गेल्यावर बंदरातल्या क्रेन बंद असतात, वीज नसते, धक्का अर्धा पडलेला असतो. मोठं कंटेनर जहाज तिथं जाऊन काय करणार? त्याच्याकडे स्वतःची क्रेन नसते आणि बुड खोल. तुझं जहाज उथळ पाण्यात शिरेल, लांब नांगर टाकून स्वतःच्याच क्रेननं पोती होडग्यांत उतरवेल. ज्या गोष्टींमुळे ते बाजारात निकामी ठरलं, त्याच गोष्टी इथं उपयोगी. हे वाचताना मला अभिमान वाटला, बाळ. जहाजाचाही आणि तुझाही.

आता तुझ्या कामाचं. मालवाहू जहाजात मेन इंजिन राब राब राबतं आणि जनरेटर त्याच्यामागं चालतात. मदतीच्या जहाजात हे उलटतं. तुम्ही महिनोन्‌महिने एका जागी उभे राहाल. मेन इंजिन गार पडून असेल आणि जनरेटर रात्रंदिवस चालतील. नंबर दोनच्या होल्डच्या ट्वीन डेकमध्ये, म्हणजे मधल्या डेकवर, आता वॉर्ड, एक्स-रे आणि दोन ऑपरेशन थिएटर आहेत. वातानुकूलन, निर्जंतुकीकरण, प्रयोगशाळेचे फ्रीज. मूळ जहाज बांधताना हा भार कुणाच्या गणितात नव्हता. नवे जनरेटर बसवले असं तू लिहिलंयस, ते बरं झालं. पण जुना स्विचबोर्ड तोच आहे का, ते आधी बघ. साध्या जहाजावर ब्लॅकआउट झाला तर चीफ ओरडतो, काळोखात चार माणसं धावतात, दिवे येतात, संपलं. नियमानं इमर्जन्सी जनरेटरनं ४५ सेकंदांत भार घ्यायला हवा. पण टेबलावर माणसाचं पोट उघडं असताना ४५ सेकंद म्हणजे किती, हे त्या सर्जनला विचार. थिएटरच्या बॅटरी तुझ्याकडे नसतील, इलेक्ट्रिशियनकडे असतील. तरी आठवड्यातून एकदा त्याच्यासोबत जाऊन बघत जा.

दुसरं पाण्याचं. समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारा तुझा फ्रेश वॉटर जनरेटर मेन इंजिनच्या जॅकेट वॉटरच्या, म्हणजे त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, उष्णतेवर चालतो. इंजिन बंद, म्हणजे तोही बंद. तुझ्याकडे आरओ प्लांट आहे, पण बंदरातल्या गढूळ, तेलकट पाण्यात त्याची मेंब्रेनं लवकर तुंबतात. आणि तसल्या पाण्यातून पिण्याचं पाणी काढायचंच नसतं, कितीही मीटर बरोबर दाखवोत. तेव्हा टाक्या भरून ठेवण्याची संधी समुद्रातच असते. एका जागी उभ्या जहाजाच्या सी-चेस्टमध्ये, समुद्राचं पाणी आत घ्यायच्या कप्प्यात, काय काय अडकतं तेही बघशील: प्लॅस्टिकच्या पिशव्या, जेलीफिश, शंख-शिंपल्यांचे थर. थंड पाण्याचा दाब हळूहळू उतरायला लागला तर पंपाला दोष देण्याआधी स्ट्रेनर, म्हणजे गाळणी, उघड.

आणि नंबर एकचा होल्ड.

हा मी शेवटी लिहिणार होतो, पण नकाशावर माझी बोटं सारखी तिथंच जाताहेत. नंबर एकमध्ये तुम्ही गहू आणि पीठ भरणार. मदतीचं धान्य लांबच्या प्रवासाला निघतं तेव्हा कीड लागू नये म्हणून होल्ड फ्युमिगेट करतात, विषारी धुरी देतात. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या किंवा पाकिटं ठेवतात, हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. त्याला लसणासारखा, कुजक्या मासळीसारखा वास येतो असं पुस्तकात आहे, पण वासावर विसंबायचं नाही. आता नंबर एक आणि नंबर दोन यांच्यामध्ये एकच बल्कहेड, एकच पोलादी भिंत. पलीकडे तुमचा वॉर्ड, अंथरुणावर पडलेली माणसं. रूपांतर करताना यार्डवाल्यांनी त्या बल्कहेडमधून किती केबल नेल्या, किती पाइप नेले? प्रत्येक भोक गॅस-टाइट बुजवलंय का? दोन्ही होल्डांची बिल्जची, म्हणजे तळाशी साचलेलं पाणी उपसायची, लाइन एकच असेल तर उलटा प्रवाह अडवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बंद होतो का? कागदावर सगळं ठीक असतं. तू स्वतः टॉर्च घेऊन वॉर्डच्या बाजूनं प्रत्येक ग्लँड, केबल आत जाते तिथलं बूच, बघ. वॉर्डातली हवा बाहेर टाकणारा पंखा डेकवर कुठं उघडतो, तेही मला या नकाशावर सापडत नाही.

पुरे. तू प्रमाणित इंजिनिअर आहेस, मी तुला वर्गात बसवल्यासारखं शिकवतोय. राग मानू नकोस.

काल रात्री झोप येईना तेव्हा जुन्या जहाजांचा विचार करत पडलो. तुला लहानपणी मी ‘वेगा’ जहाजाची गोष्ट सांगायचो, आठवतं? नकाशात बोट ठेवून. स्वीडिश मालवाहू आगबोट ‘वेगा’, रेड क्रॉसनं चालवलेली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लिश खाडीतल्या चॅनल बेटांवर जर्मन सैन्य होतं आणि १९४४ च्या शेवटी तिथल्या लोकांचं अन्न संपत आलं होतं. लिस्बनहून निघून वेगा २७ डिसेंबर १९४४ ला गर्न्सीला लागली, लाखाहून जास्त अन्नाची पार्सलं घेऊन. पुढं बेटं सुटेपर्यंत ती येत राहिली. तू दर वेळी विचारायचीस, जहाजावरच्या खलाशांची नावं काय? मला माहीत नसायची. तू मग स्वतःच नावं ठेवायचीस.

आणि ‘मेरेडिथ व्हिक्टरी’. डिसेंबर १९५०, कोरियन युद्ध, उत्तर कोरियातलं हुंगनाम बंदर, मागून चिनी सैन्य येतंय, कडाक्याची थंडी. जहाजावर क्रू सोडून बारा प्रवाशांची सोय. कॅप्टन लेनर्ड लारू यांनी पळून निघालेली चौदा हजार माणसं चढवली. होल्डांमध्ये, ट्वीन डेकवर, उघड्या डेकवर. ना दिवे, ना ऊब, ना पुरेसं पाणी, आणि बाहेर सुरुंग पेरलेला समुद्र. तीन दिवसांच्या वाटेत एक माणूस दगावला नाही, उलट पाच मुलं जन्मली. सगळे या गोष्टीत कॅप्टनचं धैर्य बघतात. मी इंजिनिअर, मला होल्डातली हवा दिसते. मालासाठी बांधलेल्या पेटीत एवढी माणसं दाटीवाटीनं उभी, आणि त्यांच्या श्वासाला हवा पुरली. कशी पुरली असेल, हा हिशेब मी नोकरीत असताना कितीदा कागदावर मांडलाय.

बारा हा आकडा अजून तोच आहे बघ. बारापेक्षा जास्त प्रवासी असले की मालवाहू जहाजाला प्रवासी जहाजाचे नियम लागतात. म्हणूनच तुमच्या डॉक्टर-नर्सेसना कागदोपत्री ‘स्पेशल पर्सोनेल’ म्हणतात आणि त्यांनाही आग विझवण्याचं, लाइफ जॅकेट घालण्याचं शिकवावं लागतं. तू त्यांना शिकवशील तेव्हा बंद जागांबद्दलही शिकव. डॉक्टर माणसं धीट असतात. कुणी खाली पडलेलं दिसलं की त्यांचे पाय आपोआप तिकडं वळतात.

तुझेही वळतात. तोच सगळा प्रश्न आहे.

विहिरीचं प्रकरण मी कधी तुझ्यासमोर काढलं नाही. करडू आत पडलं आणि काका दोर आणायला गेले, तोवर तू पायऱ्यांवरून उतरून कमरेपर्यंत पाण्यात. वर आणल्यावर तू रडत नव्हतीस, करडाला पुसत होतीस. आईनं तुला मारलं आणि मग दोघी रडलात. मी त्या वेळी समुद्रात होतो, मला हे पत्रातून कळलं. पत्र वाचल्यावर मी इंजिन रूममधल्या सगळ्यांना सांगत सुटलो होतो, आमची पोर बघा. आणि रात्री वॉचवर एकटा असताना पोटात गोळा आला होता.

जी गोष्ट मी कधीच घरी सांगितली नाही ती आता लिहितो. मी फोर्थ इंजिनिअर होतो. ओंडके भरलेलं जहाज, असंच ट्वीन डेकर. ओंडके ओले असले, होल्ड बरेच दिवस बंद असला की लाकूड हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतं. बंदर एक दिवसावर होतं. सारंगानं, खलाशांच्या मुकादमानं, एका खलाशाला बिल्जचं माप घ्यायला पाठवलं. शिडीचं झाकण उघडून तो उतरला आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीवर हात सुटले. वरून दिसत होता. टॉर्च त्याच्या शेजारी पडलेली, पेटलेली. त्याचा गाववाला, भावासारखा, हाक मारत त्याच्यामागं उतरला. कुणी काही म्हणायच्या आत तोही पडला, पहिल्याच्या अंगावर. मी धावलो होतो. झाकणाच्या कडेला माझा एक पाय आत होता. चीफनं मागून बॉयलर सूटची कॉलर धरून मला डेकवर आडवं केलं आणि छातीवर गुडघा देऊन बसला. श्वासासाठी पाठीवर घ्यायचा एअर सेट येईपर्यंत तो उठला नाही. मी त्याला शिव्या देत होतो. दोघंही वाचले नाहीत. टॉर्च जवळजवळ तासभर जळत होती, तिचा उजेड कुठल्या सालपटावर पडत होता ते आजही सांगू शकतो.

तिथं वास नव्हता, धूर नव्हता, भीती वाटावी असं काहीच नव्हतं. हवा हवेसारखीच होती. हे तुला पुस्तकातून कळलं असेल, पण ते अंगात भिनायला हवं. तुझ्या जुन्या जहाजात तर ओंडके नसले तरी गंज आहे. बंद बॅलास्ट टाकीत नुसता गंज चढतानाही ऑक्सिजन संपत जातो. चेन लॉकर, व्हॉइड स्पेस, कॉफरडॅम, वर्षभर न उघडलेली कुठलीही टाकी. नव्या जहाजात रंग शाबूत असतो, जुन्यात लोखंड उघडं पडलेलं असतं. मी जुन्या जहाजाला घाबरतो ते याच्यासाठी. ते बुडेल म्हणून नाही.

आमच्या वेळी मीटर एक, तोही चीफ मेटच्या कपाटात. आता नियम बरे आहेत. २०१५ पासून दर दोन महिन्यांनी बंद जागेतून माणूस काढण्याची ड्रिल करावी लागते, आणि जुलै २०१६ पासून प्रत्येक जहाजावर हवा तपासायचं यंत्र असायलाच हवं. पण ड्रिल रजिस्टरमध्येही होते आणि डेकवरही होते, कुठं होते ते तू बघ. मीटरचं कॅलिब्रेशन कधीचं, ते बघ. वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी २१ टक्के ऑक्सिजन दिसल्याशिवाय, आधी वारा घातल्याशिवाय, परमिटवर सही आणि झाकणाशी माणूस असल्याशिवाय उतरायचं नाही. फॉस्फीनसाठी वेगळं मीटर लागतं, नेहमीचं चार गॅसवालं ते दाखवेलच असं नाही. पळून बाहेर येण्यासाठी जे छोटं श्वासयंत्र टांगलेलं असतं, ते घालून आत कुणाला आणायला जायचं नाही. ते फक्त बाहेर येण्यासाठी आहे. आणि समोर कुणी पडलेलं दिसलं, अगदी तुझ्या रूम पार्टनरसारखी जिवाभावाची मैत्रीण असली, तरी आधी अलार्म. मग थांबायचं. ते थांबणं फार कठीण असतं. माझ्या छातीवर चीफ बसला होता. तुझ्यासाठी मी तिथं नसेन.

बघ, परत तेच. पत्र जहाजाबद्दल आहे म्हणालो आणि पानंच्या पानं एकाच भोकाभोवती फिरतोय. तू चिडशील, मला माहीत आहे, आणि तुझं चिडणं बरोबर आहे. कामाच्या ठिकाणी तुला बापाची पोरगी म्हणून ओळखलेलं आवडत नाही. ही पत्रं कुणाला दाखवू नकोस.

चांगलं काही लिहितो. तुझा तो फोटो, यार्डात नव्या जनरेटरशेजारी उभी, हातात फीलर गेज, कपाळावर ग्रीसचा पट्टा, तो आत्यानं मोठा करून घेतलाय. आलेल्या-गेलेल्याला दाखवते. तुझ्या बॅचमधल्या दोघी आता सेकंड इंजिनिअरच्या परीक्षेला बसणार म्हणे. त्यांच्यासोबत तूही बसली असतीस तर लवकर वर गेली असतीस, असं मला वाटतं, पण तुझा सी-टाइम इथंही भरेलच. पगार कमी आहे, तेही मी बोलणार नव्हतो. संस्थेनं विम्याचे कागद दिले का? क्रू ॲग्रीमेंटची प्रत स्वतःकडे ठेव, बॅगेत नको, मेलवर ठेव. ज्या किनाऱ्यावर जाल तिथं चाचे असोत वा नसोत, तुमच्याकडे धान्य आहे हे सगळ्यांना कळतं. २००५ मध्ये सोमालियासमोर ‘सेमलो’ नावाचं जहाज पळवलं होतं, त्यात त्सुनामीग्रस्तांचा तांदूळ होता. तीन महिन्यांहून अधिक काळ क्रू अडकून होता. सिटाडेलचं, चाचे आले तर आत लपायच्या खोलीचं, दार आतून नीट बसतं का, बघून ठेव.

तुझ्या त्या चीफबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास, ‘कमी बोलतात, सगळं स्वतः तपासतात’ म्हणून. मला तो माणूस आवडला. त्याला माझा नमस्कार सांगू नकोस, पण त्याचं ऐक.

‘कॅप अनामुर’बद्दल तू शाळेच्या वहीत लिहिलं होतंस, ती वही परवा माळ्यावरून काढली. १९७९ मध्ये जर्मनीतल्या रूपर्ट नॉयडेक यांनी एक मालवाहू जहाज भाड्यानं घेतलं, त्यात दवाखाना केला आणि दक्षिण चीन समुद्रात होड्यांमधून निघालेल्या व्हिएतनामी लोकांना उचलायला निघाले. दहा हजारांहून जास्त माणसं वाचवली. तू खाली लाल पेनानं लिहिलंयस, ‘मी पण’. बाईंनी त्यावर बरोबरची खूण केलीय. म्हणजे हे आत्ताचं खूळ नव्हे, हे मला कळायला हवं होतं असं आई म्हणते. मी काही बोललो नाही. वही पुन्हा ठेवली नाही.

आईचा गुडघा बरा आहे. ती तुला वेगळं लिहिणार आहे, माझं पत्र वाचून दाखवू नका म्हणाली. दादा रविवारी येऊन गेला, आता बरा दिसतो, जेवला नीट. तुझ्याबद्दल विचारत होता पण जहाजाबद्दल नाही, तुला ठाऊकच आहे. त्याला दोन ओळी लिही.

सॅटेलाइटचं नेट हॉस्पिटलला आधी आणि क्रूला मग, हे बरोबरच आहे. रोज लिहू नकोस. टाकी किंवा होल्ड उघडायचा असेल त्या दिवशी मात्र वर आल्यावर एक शब्द टाक. ‘वर’ एवढाच लिहिला तरी चालेल. हे जास्त मागतोय का मी? असेल तर नको टाकूस. टाकलास तर बरं.

तुझे,
बाबा

ता. क. नेक्स्ट ऑफ किनच्या, म्हणजे जवळच्या नातलगाच्या, फॉर्मवर आईचा नंबर दिला असशील तर बदलून माझा दे. दादाच्या त्या वर्षापासून रात्री फोन वाजला की ती उचलत नाही, नुसती बघत बसते. दुसरा नंबर आत्याचा दे, तिचा फोन कधी बंद नसतो. आणि फॉर्म बदलल्यावर कॅप्टनच्या ऑफिसमधली जुनी प्रत काढून टाकायला सांग, नाहीतर दोन्ही राहतात.